बिघडलेली सेव्ह

आधीच सांगते, पोस्टमध्ये स्पॉयलर आहेत. विचर ३, डिस्को एलिसियम, अंडरटेल, बाल्डर्स गेट ३, मास इफेक्ट २ आणि रेड डेड रिडेम्प्शन २ या व्हिडिओ गेम्सपैकी काही खेळायचं राहिलं असेल तर हे नंतर वाचा.

विचर ३ मध्ये वेलनच्या दलदलीजवळ एका टेकडीच्या पोटात झाडाची मुळं आहेत आणि त्यांत एक आत्मा कोंडलेला आहे. मला सोडव, मी त्या अनाथ पोरांना चेटकिणींच्या तावडीतून काढतो, असं तो गेराल्टला, म्हणजे आपण खेळतो त्या राक्षस-शिकाऱ्याला, सांगतो. मी विश्वास ठेवला आणि त्याला सोडलं. पोरं खरंच वाचली. मी खूश होऊन इतर कामांना लागले, राक्षस मारले, पत्ते खेळले, भरपूर फिरले. मग कधीतरी त्या भागाच्या सरदाराबरोबर, बॅरनबरोबर, त्याच्या बायकोला आणायला दलदलीत गेले. तिच्यावर चेटकिणींचा शाप होता आणि ती डोळ्यांदेखत गेली. गढीवर परतले तर अंगणातल्या झाडाला बॅरन लटकत होता. डाउनवॉरन गावात माणसं उरली नव्हती, कारण मी सोडलेल्या त्याच आत्म्याने ती मारली होती.

माझा हात सवयीने सेव्हच्या, म्हणजे खेळात जिथवर पोचलो ते साठवून ठेवलेल्या नोंदींच्या, यादीकडे गेला. झाडापाशी केलेली सेव्ह कितीतरी तास मागे होती. तिथे परत जायचं तर मधलं सगळं पुसावं लागणार होतं. मी यादी बंद केली आणि पुढे निघाले. इतकी वर्षं गेम खेळत आले, पण वाईट झालेलं तसंच ठेवून पुढे जाण्याची ती माझी पहिली वेळ.

तेव्हापासून कुठलाही आरपीजी (एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) किंवा अॅडव्हेंचर गेम मी एकाच प्रश्नावर जोखते. काही बिघडलं की मला जुनी सेव्ह लोड करावीशी वाटते का? ग्राफिक्स, नकाशाचा आकार, कथेची लांबी हे सगळं माझ्यासाठी त्यानंतर येतं.

विचरचं कौतुक केलं म्हणून त्याच्या चुका झाकणार नाही. तपासाच्या क्वेस्ट (खेळात मिळणारी कामं) म्हणजे बटण दाबून ठेवा आणि लाल दिसणाऱ्या खुणांमागे चालत जा. तर्क गेराल्ट करतो, आपण फक्त चालतो. स्केलिगेच्या समुद्रात प्रश्नचिन्हांची रास आहे आणि बहुतेक ठिकाणी तस्करांच्या पेट्या तरंगताना सापडतात. ती मी पूर्ण केली आणि तो वेळ वाया गेला असं माझं स्पष्ट मत आहे. पण वेलनची कथा २०१५ साली ज्यांनी लिहिली, त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. निर्णय आणि परिणाम यांच्यात पुरेसं अंतर ठेवलं की खेळाडू मागे फिरत नाही.

डिस्को एलिसियमने (२०१९) हेच वेगळ्या वाटेने केलं आणि माझ्या मते जास्त चांगलं केलं. त्यात नेहमीच्या अर्थाची लढाई नाहीच. २४ स्किल आहेत आणि ती सगळी तुमच्या डोक्यात बोलत असतात, एकमेकांशी भांडतात, चुकीचे सल्लेही देतात. सुरुवातीलाच हॉटेलचं बिल बुडवून पळायचा पर्याय येतो. ते जमेल का, हे गेम फासे टाकून ठरवतो. फासे उलटे पडले तर तुमचा डिटेक्टिव्ह पळता पळता उडी मारतो, मागे वळून मॅनेजरला बोट दाखवतो आणि व्हीलचेअरवर बसलेल्या आजींवर जाऊन आदळतो. मी कितीतरी वेळ हसत होते. मग लक्षात आलं, फासे नीट पडले असते तर मला हा प्रसंग दिसलाच नसता. लेखकांनी हरण्याच्या फांदीवरही जिंकण्याच्या फांदीइतकीच मेहनत घेतली आहे, कधीकधी जास्तच. त्यामुळे त्या खेळात मी लोड करणं जवळपास सोडूनच दिलं. मुद्दाम ठरवून नाही, गरजच वाटली नाही. शिवाय शेजारी सहकारी डिटेक्टिव्ह किम कित्सुरागी असतो. तुम्ही काहीही वेडेपणा केलात तरी तो वहीत नोंद करतो आणि पुढच्या कामाला लागतो. त्याच्या भुवईची एक हालचाल मला कुठल्याही गेम ओव्हरपेक्षा जास्त लागायची.

एक तक्रार मात्र आहे. ज्या खुनाचा तपास आपण करत असतो, तो कुणी केला याचं उत्तर शेवटी अशा माणसाकडून येतं, जो तोवर आपल्याला भेटलेलाच नसतो. कथेच्या दृष्टीने त्याला अर्थ आहे, मान्य. पण मी इतके दिवस धागे जुळवत होते आणि ते जुळवून तिथवर पोचणं शक्यच नव्हतं, हे मला खटकलं. अजूनही खटकतं.

लोड करण्याच्या सवयीला सरळ तोंडावर उत्तर देणारा गेम म्हणजे अंडरटेल. टोबी फॉक्सने २०१५ मध्ये काढलेला, दिसायला अगदी साधा. सुरुवातीला टोरियल तुम्हाला आईसारखं सांभाळते आणि नंतर तुमचीच वाट अडवते. माझ्या हातून ती मेली. मी घाईघाईने सेव्ह लोड केली आणि या वेळी तिला जिवंत सोडलं. पुढे फ्लाउई नावाचं बोलकं फूल भेटलं आणि म्हणालं, तू काय केलंस ते मला ठाऊक आहे, तू तिला मारलंस आणि मग पस्तावून परत आलीस. मी खुर्चीत थिजले. तोपर्यंत लोड करणं हे माझं आणि यंत्राचं खाजगी गुपित होतं.

बाल्डर्स गेट ३ बद्दल माझं मत दोनदा बदललं. पहिल्या वेळी मी तो एफ ८ वर, म्हणजे सेव्ह लोड करायच्या बटणावर, बोट ठेवून खेळले. वीस बाजूंचा फासा पडद्यावर गडगडतो, एक पडला की कितीही बोनस असो, बाजी गेली. मग लोड, पुन्हा फासा, पुन्हा लोड. शेवटी माझी कथा निर्दोष झाली आणि तिच्यातलं मला आज फारसं काही आठवत नाही. तिसऱ्या अंकात शहरात पोचल्यावर एकदम इतक्या क्वेस्ट अंगावर येतात की मी थकून गेले होते. गेम गाजत होता आणि मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकतंय.

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस ऑनर मोड आला. त्यात सेव्ह एकच, मागे जाणं नाही. मी पुन्हा सुरुवात केली. पहिल्या अंकात टीफलिंग निर्वासितांना वाचवलं, मोठ्या कष्टाने. दुसऱ्या अंकात ते लास्ट लाइट सरायीत पुन्हा भेटले. तिथे इसोबेल या पुजारिणीच्या चांदण्याच्या कवचाखाली सगळे सुरक्षित असतात. अचानक हल्ला झाला, मी माणसं चुकीच्या जागी उभी केली आणि इसोबेल पडली. कवच गेलं, सावलीचा शाप आत शिरला. ज्यांना मी वाचवून आणलं होतं तेच लोक उठून माझ्यावर चाल करून आले आणि मला त्यांना मारावं लागलं. त्यांत डॅमन लोहारही गेला. माझी साथीदार कार्लाक हिच्या छातीतलं इंजिन थंड करणारा तोच. दुरुस्तीचा दुसरा टप्पा राहिला तो राहिलाच, आणि कुणालातरी एकदा मिठी मारायची तिची इच्छाही राहिली. त्या रात्री छावणीत मी तिच्याशी बोलायला गेलेच नाही.

ती दुसरी वेळ मला प्रसंगासकट आठवते. गेम तोच होता, फक्त मागचं दार बंद होतं.

स्कायरिमवर (२०११) रागावणारे मित्र आहेत, मी त्यांतली नाही. त्या डोंगरांत नुसतं भटकण्यात मी आयुष्यातले फार चांगले तास घालवले. पण त्या जगात माझं काही हरवतच नाही. महत्त्वाची माणसं गुडघ्यावर बसतात आणि पुन्हा उठतात. एकच माणूस जादूगारांचा प्रमुख, कंपॅनियन्स या योद्ध्यांच्या गटाचा नेता, चोरांचा म्होरक्या आणि मारेकऱ्यांचाही मुख्य होऊ शकतो. कुणीच कुणाला विचारत नाही. त्याच मालिकेतल्या मोरोविंडमध्ये (२००२) मुख्य कथेचं माणूस मारलं तर गेम फक्त सांगतो की भविष्यवाणीचा धागा तुटला. आता जुनी सेव्ह लोड करा, नाहीतर तुम्हीच बुडवलेल्या या जगात राहा. आणि खरंच राहू देतो. शिवाय धागा तुटल्यावरही कथा पूर्ण करायची एक आडवाट त्यात ठेवलेली आहे. असा मोकळेपणा नंतर मला फार कमी ठिकाणी दिसला.

प्रत्येक नुकसान चांगलंच असतं असं मी म्हणत नाही. किंग्ज क्वेस्ट ५ (१९९०) मध्ये तुमच्याकडे एक कस्टर्ड पाय, म्हणजे केकसारखा गोड पदार्थ, असतो. भुकेच्या वेळी तो खाऊन टाकला तर पुढे बर्फातल्या यतीवर फेकायला काही उरत नाही आणि खेळ तिथेच अडकतो. आपण कधी चुकलो याची एक सूचनाही मिळत नाही. त्याच वर्षी आलेल्या मंकी आयलंडमध्ये रॉन गिल्बर्टने अशा बंद गल्ल्या काढून टाकल्या. अडाल, पण कायमचे अडकणार नाही. ते योग्यच होतं.

एल्डन रिंगवरचा (२०२२) माझा आक्षेपही याच जातीचा. मरण त्या खेळाने फार सुंदर हाताळलंय. रून्स (खेळातली कमाई) जिथे पडल्या तिथे परत जायचं धैर्य करा, बस. पण माणसांच्या क्वेस्ट गुपचूप तुटतात. आपण भलत्याच बाजूला गेलो आणि कुणाचीतरी कहाणी संपली, हे कळतच नाही. काय हरवलं हेच मला माहीत नाही, त्याचं दुःख मी कसं करू? वर तळघरांत तेच ते बॉस पुन्हा भेटतात.

मास इफेक्ट २ (२०१०) मध्ये माझ्या जहाजावरची माणसं पळवली गेली. घाई आहे असं गेम सांगत होता आणि मी नेहमीप्रमाणे आधी साइड मिशन उरकत बसले, कारण बाकीचे गेम वाट बघतात. याने पाहिली नाही. पोचले तेव्हा केली चेंबर्स माझ्यासमोर काचेआड विरघळली. मालिकेतला पुढचा गेम, मास इफेक्ट ३, त्याच सेव्हवरून खेळले. त्याचा मूळ शेवट मला निराश करून गेला. एवढे निर्णय, एवढी माणसं, आणि शेवटी तीन रंगांतून एक निवडा. नंतर फुकट दिलेल्या जादा दृश्यांनी थोडं सावरलं, पण थोडंच.

आणि आर्थर मॉर्गन. रेड डेड रिडेम्प्शन २ (२०१८) मिशनमध्ये फार जाच करतो. ठरलेल्या वाटेवरून चार पावलं बाजूला गेलात की मिशन फेल, पुन्हा मागच्या टप्प्यावर. इतक्या मोकळ्या जगात इतका बंदिस्त खेळ का, हे मला कधीच पटलं नाही. पण कर्जवसुलीला गेलेला आर्थर एका आजारी माणसाला मारतो, तो माणूस आर्थरच्या तोंडावर खोकतो, आणि कितीतरी तासांनी सेंट डेनिसमध्ये डॉक्टर सांगतो की हा क्षय आहे. मी सेव्ह शोधल्या. मी काय चुकवलं, कुठे वेगळं वागायला हवं होतं, हे शोधलं. कुठेच नाही. ते मिशन टाळता येत नाही.

यादी बंद करून मी त्याला घोड्यावर बसवलं आणि कुठलंच मिशन घेतलं नाही. बरेच दिवस फक्त मासे पकडले, जनावरांची चित्रं वहीत भरली, रस्त्यात भेटेल त्याला मदत केली. नकाशावर पिवळी खूण तशीच चमकत राहिली. तो खोकायचा, मी घोडा थांबवायचे.