शेतात बांधा ना, म्हणे!

बदली झाली की सामान बांधायचं दुःख नाही. दुःख आहे ते नव्या गावी घरमालकाच्या ओट्यावर बसून "घरी कोण कोण?" याचं उत्तर द्यायचं. बायको, पोरगं, आई, इथवर मान डोलते. कुत्रं म्हटलं की कपबशी खाली. दारव्हा, दिग्रस, पुसद, आता आर्णी, वाक्य तेच. "कुत्रं काहून पाळता बाप्पा? शेतात बांधा ना!" शेत असतं तर तुमच्या दारात आलो असतो का भाऊ?

अन् मुहूर्त नेमका मे महिन्यातला, पारा 45 ला टेकलेला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकणं हाच त्याचा कूलर. म्हणून पहाटे 4 ला निघायचं ठरलं. छोटा हत्तीवाला उगवला साडेदहाला. ओला दुपट्टा कुत्र्याच्या पाठीवर टाकून मीही मागंच बसलो, गाद्यांवर.

मांजरीचं तर विचारूच नका. नव्या घरी दोन-तीन आठवडे आतच ठेवावं लागतं, नाहीतर जुन्या घराची वाट धरते. पण शेजारच्या काकू "बिचारी रडते ना जी" म्हणत दार उघडतात. काल तिसऱ्यांदा उघडलं. भर उन्हात दुधाची वाटी घेऊन "मने, मने" करत मी कुडाकुडाशी वाकतोय, अन् मागून घरमालक, "मांजरबी हाये का? हे तं सांगतलंच नाही तुमी!"