'डिस्कच एन्क्रिप्टेड आहे, आता टेन्शन नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी

छोट्या कंपन्या, सीए ऑफिसं, पतसंस्था यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सर्वरमध्ये सेल्फ एन्क्रिप्टिंग डिस्क (एसईडी, म्हणजे लिहिलेला डेटा आपला आपण सांकेतिक रूपात बदलून म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवणारी डिस्क) टाकून घ्या, ती फॅक्टरीतूनच एईएस २५६ या पद्धतीने एन्क्रिप्टेड येते, काही सेटिंग करावं लागत नाही, डेटा चोरीला जात नाही, रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) चालत नाही, सर्वर स्लो होत नाही, सॉफ्टवेअर एन्क्रिप्शनपेक्षा कधीही भारी, आणि डेटा संरक्षण कायद्याचंही काम आपोआप होऊन जातं. मी सर्वर बसवायचं आणि सांभाळायचं काम करतो, या डिस्क घ्या असं मी स्वतः लोकांना सांगतो, आणि म्हणूनच हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

पहिलं म्हणजे 'काही सेटिंग करावं लागत नाही'. सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं. डिस्कच्या आत एक की, म्हणजे डिजिटल किल्ली असते आणि लिहिलेला सगळा डेटा तिनेच एन्क्रिप्ट होतो, इथपर्यंत बरोबर. पण ती की डिस्कमध्येच असते, आणि जोपर्यंत तुम्ही वरून लॉकची वेगळी की सेट करत नाही तोपर्यंत करंट मिळाला की डिस्क आपली आपण उघडते, तुमच्या सर्वरमध्येही आणि उद्या कोणी काढून नेऊन दुसऱ्या मशिनला लावली तरीही. म्हणजे कुलूप एकदम भारी पण किल्ली कुलपालाच लटकवलेली. तुमच्याकडे ब्रॉडकॉमचं रेड कंट्रोलर (सर्वरमधल्या डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड) असेल तर त्याच्या स्टोरसीएलआय या कमांड टूलमध्ये एका डिस्कची पूर्ण माहिती काढा, तिथे खाली 'एसईडी केपेबल', 'एसईडी एनेबल्ड', 'सिक्युअर्ड' अशा ओळी असतात. पहिलीपुढे येस आणि बाकी दोन्हीपुढे नो दिसलं तर तुम्ही महागडी डिस्क घेतलीय आणि ती साध्या डिस्कसारखी वापरताय. वापरात असलेल्या सर्वरवर मला हेच चित्र खूपदा दिसतं, कारण डिस्क बसवणाऱ्याने कोटेशनमध्ये एसईडी लिहिलं आणि विषय तिथेच संपला.

आणि हे फक्त छोट्यांकडेच होतं असं नाही. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकन बँकेचं प्रकरण बघा. २०१६ मध्ये त्यांनी डेटा सेंटर बंद करताना सर्वर आणि डिस्क एका सामान हलवणाऱ्या कंपनीच्या ताब्यात दिल्या, जिला डेटा नष्ट करायचा काहीच अनुभव नव्हता, आणि त्यातल्या काही डिस्क ग्राहकांच्या डेटासकट ऑनलाइन लिलावात विकल्या गेल्या. पुढे शाखांमधल्या मशिनचा हिशोब लावताना ४२ सर्वर सापडेनात, आणि तेव्हा कळलं की त्या मशिनमध्ये एन्क्रिप्शनची सोय होती, फक्त ती वर्षानुवर्षं कोणी चालूच केली नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, एसईसीने त्यांना साडेतीन कोटी डॉलरचा दंड लावला.

आता रॅन्समवेअर. इथे तर मेसेज सरळ चुकीचा आहे. हे एन्क्रिप्शन डिस्कच्या पोटात होतं, वर विंडोजला, टॅलीला, डेटाबेसला सगळं उघडंच दिसतं, नाहीतर काम कसं चालणार? रिमोट डेस्कटॉपचा पासवर्ड फोडून जो आत आला तो डिस्कच्या लेखी तुमचाच युझर, तो फाइल वाचणार, कॉपी करणार, वरून स्वतःचं एन्क्रिप्शन चढवणार आणि डिस्क त्याला निमूट साथ देणार. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी गेले ते चालू सिस्टीममध्ये मालवेअर घुसवून. जुलै २०२४ मध्ये बँकांना सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि जवळपास ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. दोन्हीकडे कोणी डिस्क काढून नेली नव्हती. डिस्क लॉक होते ती पॉवर गेल्यावर, आणि सर्वर तर चोवीस तास चालू.

बॅकअपचंही तसंच. डिस्कमधून बाहेर पडताना डेटा उघडा होऊनच बाहेर पडतो, त्यामुळे रात्री तुम्ही जो बॅकअप साध्या यूएसबी डिस्कवर घेता आणि बॅगेत घालून घरी नेता तो कोणालाही वाचता येतो. बॅकअपला त्याच्या सॉफ्टवेअरमधूनच वेगळं एन्क्रिप्शन लावावं लागतं.

'डेटा चोरीला जात नाही' यात अजून एक मेख आहे. लॉकची की कंट्रोलरमध्येच साठवली असेल तर सुटी डिस्क चोरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, पण अख्खा सर्वर उचलून नेला तर की पण सोबत गेली, घरी नेऊन चालू केला की कंट्रोलर स्वतःच डिस्क उघडून देतो. मोठ्या ठिकाणी यासाठी की दुसऱ्या मशिनवर, की मॅनेजमेंट सर्वरवर ठेवतात. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी निदान चालू होताना पासवर्ड मागायची सोय असेल तर ती लावावी, किंवा वरून बिटलॉकर (विंडोजमधलंच एन्क्रिप्शन) टीपीएम (मशिनमधली की सांभाळणारी चिप) आणि पिनसकट.

वेग कमी होत नाही, हे मात्र खरं. पण प्रोसेसरमध्येच एईएसची सोय येऊन आता खूप वर्षं झाली, साध्या ऑफिसच्या कामात सॉफ्टवेअर एन्क्रिप्शनही जाणवत नाही.

आणि 'हार्डवेअर म्हणजे कधीही भारी' याचं उत्तर नेदरलँड्सच्या रॅडबाऊड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्येच दिलंय. त्यांनी क्रुशियल आणि सॅमसंगच्या काही एसएसडी तपासल्या, तर काही मॉडेलमध्ये पासवर्डचा आणि डेटाच्या कीचा एकमेकांशी संबंधच नव्हता, फर्मवेअरला (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरला) चकवलं की पासवर्डशिवाय डेटा मोकळा. वाईट म्हणजे बिटलॉकर तेव्हा डिस्कवर भरवसा टाकून स्वतः काहीच करत नव्हतं, २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बदलून आधी सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन असं केलं. त्या डिस्क घरगुती वापराच्या होत्या हे मान्य, पण पैसे वाचवायला तसल्याच डिस्क सर्वरमध्ये घालणारे लोक कमी नाहीत. घेताना एफआयपीएस १४० या अमेरिकी सरकारच्या सुरक्षा मानकाचं सर्टिफिकेट विचारा आणि ते मानक सांभाळणाऱ्या एनआयएसटी या संस्थेच्या यादीत मॉडेल आणि फर्मवेअर जुळतंय का ते स्वतः बघा.

कायद्याचं थोडक्यात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड आहे, आणि नियमांमध्ये एन्क्रिप्शनच्या जोडीला कोणाला काय दिसतं यावर ताबा, लॉग (कोणी कधी काय केलं याची नोंद), बॅकअप हे सगळं येतं. नुसती डिस्क दाखवून सुटका नाही.

मग घ्यायची का? घ्याच. वॉरंटीत खराब डिस्क परत द्यावी लागते तेव्हा ती पुसताही येत नाही कारण ती चालतच नसते, अशा वेळी लॉक केलेली डिस्क निर्धास्त देता येते. सर्वर भंगारात काढताना आतली की बदलली की काही सेकंदांत सगळा डेटा कायमचा निकामी. फक्त पासफ्रेज (लॉक लावताना दिलेला लांब पासवर्ड) आणि की आयडेंटिफायर (त्या कीची ओळख) कागदावर लिहून सर्वरपासून लांब, दोन ठिकाणी ठेवा, कारण उद्या कंट्रोलर जळाला आणि पासफ्रेज कोणालाच आठवत नसेल तर डिस्क धडधाकट असूनही डेटा गेला, तिथे डेटा रिकव्हरीवालेही हात टेकतात. आणि नवीन सर्वर आला की त्यात डेटा टाकायच्या आधीच व्हेंडरला समोर बसवून एक डिस्क काढायला लावा, दुसऱ्या मशिनला जोडून बघा, ती लॉक्ड दिसली तरच बिलावर सही करा.