खाणीच्या ढिगाऱ्यावरचं लाकूड आणि तुमचं छत : एका तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत की सासूबाईंच्या खोलीच्या छताला आमचे लाकडाचे तंतू आणि सिमेंट मिसळून केलेले बोर्ड लावले, मग सुताराकडून कळलं की लाकूड खाणीच्या ढिगाऱ्यावरचं आहे. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर विष टांगलं, आणि सांगितलंही नाही.

सांगितलं नाही, हे खरं. बिलावर नव्हतं, बोर्डावर नव्हतं, दुकानातही कोणी बोललं नाही. त्याची आधी माफी मागतो. घर तुमचं, माहिती विचारून घ्यायची पाळी तुमच्यावर यायलाच नको होती.

सुतारही बरोबर बोलला. आमचं सुबाभूळ सावनेरकडच्या एका जुन्या मँगनीज ढिगाऱ्यावरच्या लागवडीतून येतं. तिथे माती अशी नसतेच, नुसता मुरूम आणि दगडाचा चुरा. उघडा राहिला की पावसात वाहून नाल्यात आणि शेतात उतरतो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच भागातल्या गुमगाव मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याची मळी, जिवाणू खतं आणि मुळांना साथ देणारी बुरशी वापरून झाडं जगवून दाखवली. झाडं उभी राहिली की ढिगारा धरला जातो. पण त्या लाकडाला गिऱ्हाईक नसेल तर लागवड सांभाळणार कोण? मी ते घेतो ते याच कारणाने, आणि पुढेही घेईन.

झाड जमिनीतले धातू ओढतं का? ओढतं. पण सगळीकडे सारखं साठवत नाही. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवर जस्ताच्या भट्ट्यांमुळे सुमारे 700 चौरस किलोमीटर जमिनीत कॅडमियम आणि जस्त उतरलं. तिथे लोमेलजवळ विलोची झाडं लावून पाहिली, तर हे धातू पानांत आणि सालीत जास्त आणि आतल्या लाकडात कमी निघाले. आमची जमीन वेगळी, झाड वेगळं, म्हणून तेवढ्यावर भागत नाही. ओंडके ढिगाऱ्यापाशीच सोलतो, साल आणि पाला कारखान्यात येतच नाही. सालीच्या भेगांत बसलेली धूळही तिच्याबरोबर जाते. मग लाकडाचे शेवयांसारखे लांब तंतू काढून रात्रभर भिजवतो, नाहीतर लाकडातल्या साखरेमुळे सिमेंट नीट धरत नाही. लाकूड आणि तयार बोर्ड, दोन्ही दर लॉटला प्रयोगशाळेत जातात. अहवाल दुकानात आहेत, कधीही येऊन बघा.

मँगनीज वाफ होऊन छतातून खाली येत नाही. भीती असते ती धुळीची, आणि तिथे आम्ही कमी पडलो. तुमच्या फोटोत पलंगाच्या चादरीवर पांढरा थर दिसतो. म्हणजे बोर्ड खोलीतच कापले. ती धूळ, लाकूड कुठलंही असो, सिमेंटची आहे आणि सासूबाईंच्या छातीला वाईटच. बोर्ड अंगणात, पाणी मारून, तोंडाला मास्क बांधून कापायचे, हे आम्ही सुताराला लिहून द्यायला हवं होतं.

दुसऱ्या फोटोत कापलेले तुकडे बंबाशेजारी रचलेले दिसले. ताई, ते कृपा करून जाळू नका. लाकूड जळतं, धातू जळत नाही. तो राखेत उरतो, आणि आपल्याकडे राखेने भांडी घासतात, तीच राख तुळशीलाही घालतात.

शेजारी म्हणाले की जुन्या खोक्यांच्या लाकडाचे बोर्ड बरे. मला पटत नाही. अशा भंगारात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक पाजून टिकाऊ केलेलं लाकूड असू शकतं, आणि ते कुठून आलं हे कोणालाच ठाऊक नसतं. अमेरिकेत अशा लाकडाचा घरगुती वापर 2003 अखेर बहुतांशी थांबवला. ढिगाऱ्यावरच्या माझ्या लाकडाचं निदान गाव-शिवार मला माहीत आहे.

या महिन्यापासून प्रत्येक बोर्डाच्या मागे लाकडाचं ठिकाण आणि लॉट नंबर छापतोय. तुमच्या छतातला एक तुकडा तुम्ही निवडाल त्या प्रयोगशाळेत द्या. पैसे मी भरतो, अहवाल आधी तुमच्या हातात येऊ दे. तोवर थांबायची इच्छा नसेल तर आमची माणसं बोर्ड उतरवतील, खोली ओल्या फडक्याने पुसून देतील आणि पूर्ण रक्कम परत करू. दोन्हींपैकी काहीही ठरवा, बंबाजवळचे तुकडे मात्र सोमवारी सकाळी आमचा मुलगा पोत्यात भरून घेऊन जाईल.