खुलासा: ग्लासगो चॅरिटी कप म्हणजे ग्लासगो कप नव्हे

ग्लासगो चॅरिटी कप हेच ग्लासगो कपचे जुने नाव, असा दावा सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या या दोन वेगळ्या फुटबॉल स्पर्धा होत्या आणि कित्येक दशके शेजारीशेजारी चालल्या.

चॅरिटी कप आधीचा. 1877 मध्ये तो पहिल्यांदा क्वीन्स पार्क क्लबने जिंकला. सामन्यांचे उत्पन्न धर्मादाय कामांना जाई. स्पर्धा सुरू झाली तीच त्यासाठी, आणि नेमके हेच या गोंधळात पुसले जाते. ग्लासगो कप 1887-88 चा, पहिला विजेता कॅम्बसलँग क्लब.

चॅरिटी कपच्या शेवटच्या काळात ग्लासगोचा निवडक संघ इंग्लिश क्लबांशी खेळे. 1966 नंतर तो थांबला. ग्लासगो कप मात्र पुढे तरुण खेळाडूंची स्पर्धा म्हणून टिकला.