माठातलं पाणी पिऊन कुणाच्या शिरा फुटत नाहीत

आमच्या आत्याने माठ उपडा घालून ठेवलाय. वर्ध्यात, भर मे महिन्यात. कोमट पाणी पिते, तेही मोजून मापून. कारण काय, तर 'हवामान खाते व नासा यांचा संयुक्त इशारा' असा मथळा असलेला मेसेज तिला तीन ग्रुपांवर आला, आणि तीन ठिकाणी आलाय म्हणजे खरंच असणार. मग तिने तो मला पाठवला, खाली हात जोडून 'सर्वांना कळवा'.

मेसेज थोडक्यात असा: इक्विनॉक्समुळे पुढचे पाच दिवस पारा ५५ अंशांवर जाणार. गार पाणी प्यायलात तर मेंदूच्या शिरा फुटतील. ऊन लागलेल्या माणसाच्या अंगावर थंड पाणी टाकू नका. गाडीची टाकी फुल करू नका, स्फोट होईल. वादळात मोबाइल बंद करा, तो वीज ओढतो. आणि यंदा एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं) आहे, तेव्हा पुराची चिंता नको. तारीख कुठेच नाही. 'पुढचे पाच दिवस' कधीपासून मोजायचे, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

इक्विनॉक्स म्हणजे विषुवदिन, दिवस-रात्र सारखी असते तो. तो मार्चच्या २०-२१ तारखेला होऊन गेला, मेमध्ये त्याच्या नावाने बोंबलण्यात अर्थ नाही. आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेमध्ये: मुंबईत १५ तारखेच्या सुमारास, नागपुरात २६च्या सुमारास. त्याला शून्य सावली दिवस म्हणतात, तो दरवर्षी येतो आणि शाळेतली पोरं काठी रोवून तो बघतात.

५५ अंशांचं म्हणाल तर देशातला आजवरचा अधिकृत उच्चांक ५१ आहे, राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा. आता कुणीतरी म्हणेलच, की नागपुरात ५६ झालं होतं. झालं होतं, पण यंत्रावर. मे २०२४ च्या अखेरीस तिथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं, बातम्या झाल्या, आणि हवामान विभागाने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. खुलासा मात्र कुणी फॉरवर्ड केला नाही.

पण आकडा खोटा असण्यापेक्षा मला वेगळीच भीती वाटते. ५५ चं भूत दाखवलं की ३७-३८ अंश किरकोळ वाटायला लागतात. हवामान विभाग उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागात किमान ४० अंशांची अट लावतो, किनाऱ्यावर मात्र ३७ चीच, आणि दोन्हीकडे पारा सरासरीहून साडेचार अंश तरी वर हवा (मैदानी भागात पाऱ्याने ४५ गाठले, तर मात्र सरासरी बघत नाहीत). किनाऱ्यावर हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्यासाठी लोक भर उन्हात तासन्‌तास बसले होते. उष्माघाताने १४ माणसं गेली. पारा तेव्हा चाळिशीच्या आत होता.

आता पाण्याकडे येतो, कारण खरा संताप त्याचाच आहे. मेसेजमध्ये 'एका डॉक्टरांचे मित्र' उन्हातून घरी येतात, थंड पाण्याने पाय धुतात आणि कोसळतात. डॉक्टर कोण, गाव कुठलं, काही पत्ता नाही. गार पाण्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, एवढं खरं. आकसणं म्हणजे फुटणं नव्हे. बर्फाचं पाणी घटाघटा प्यायलं तर कपाळ क्षणभर ठणकतं, पोटात कळही येते, हेही मान्य. पण साठी-सत्तरीच्या माणसांना मुळात तहानच कमी जाणवते. त्यांना माठाची धास्ती घालून आणखी कमी प्यायला लावायचं, याला काळजी म्हणायचं का? (किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असून पाण्यावर बंधन असेल, तर डॉक्टर सांगतील तेवढंच प्यावं. ती गोष्ट वेगळी.)

आणि ऊन लागलेल्यावर पाणी टाकू नका? हा सल्ला जीव घेऊ शकतो. उष्माघातात शरीराचं आतलं तापमान चाळिशीच्या वर जातं, माणूस बरळतो, झटके येतात, शुद्ध हरपते. मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना इजा होत असते आणि एकेक मिनिट मोलाचं असतं. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयाने मे २०२४ मध्ये उष्माघाताचा खास कक्ष उघडला. तिथे मोठे टब आहेत, बर्फ तयार करायचं यंत्र आहे, आणि अशा रुग्णाला बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. होय, बर्फाच्या. या आजारावरचा पहिला उपचारच तो आहे: आधी गार करा, मग हलवा. शेतात, रस्त्यात कुणी असा पडला तर सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंग भिजवा, मान, काखा, जांघा इथे बर्फ किंवा ओलं फडकं ठेवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉलही देऊ नका, हा ताप त्या गोळीने उतरत नाही. मेसेजमध्ये सांगण्यासारखं नेमकं हेच होतं, आणि हेच त्यात नाही.

टाकीच्या स्फोटाबद्दल इंडियन ऑइलने खुलासा करून झालाय: कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत खुशाल भरा. खिशात कांदा ठेवायचंही लिहिलंय. ठेवा, माझी ना नाही. पण टोपी आणि पाण्याची बाटली आधी घ्या.

वीज मोबाइलकडे ओढली जात नाही. चार्जरला लावलेला फोन कडकडाटात कानाला लावू नये, हे ठीक. पण बंद कशाला करायचा? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप २० ते ४० किलोमीटरच्या टापूतल्या विजांची सूचना देतं, ती बंद फोनवर कशी येणार? धोका आहे तो झाडाखाली. अवकाळी पाऊस आला की शेतातला माणूस पहिल्यांदा बांधावरच्या झाडाकडे पळतो, आणि नेमका तिथेच मरतो. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२२ च्या अहवालात देशभरात वीज पडून २,८८७ मृत्यू नोंदले आहेत, उष्माघाताचे ७३०.

राहिला एल निनो. त्या वर्षी मोसमी पाऊस एकूणात कमी पडण्याकडे कल असतो, हे बरोबर. पण एकूण म्हणजे चार महिन्यांची बेरीज, आणि घरात पाणी शिरतं ते तीन तासांच्या पावसाने. २०२३ एल निनोचंच वर्ष होतं. जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. लोक दुष्काळाच्या गप्पा मारत होते, आणि २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, माणसांना बोटीतून काढावं लागलं. 'चिंता नको' लिहिणाऱ्याने त्या वस्त्यांत जाऊन हे वाचून दाखवावं.