तुम्ही सी विंगचे का?

घर घेतलं म्हटलं की लोक विचारतात, कितीला पडलं? म्हाडाच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, सोडतीत घर लागलं म्हटलं की कुणी काही विचारत नाही. 'मजा आहे बुवा तुमची!' म्हणून पाठीवर थाप मारतात आणि चहाचे पैसे आपल्यालाच द्यायला लावतात. आमच्या ऑफिसात तर अजून अशी समजूत आहे की मी भाजी आणायला निघालो होतो, वाटेत सरकारने गाठलं आणि पिशवीत किल्ली टाकली.

वीस वर्षांचं कर्ज कुणाला दिसत नाही. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, शहरात आपल्या किंवा बायकोच्या नावावर घर नाही याचं प्रतिज्ञापत्र, अनामत रक्कम, वर्षानुवर्षं सोडतीच्या यादीत आपला अर्ज क्रमांक शोधणं आणि न सापडल्यावर 'प्रतीक्षा यादी' उघडणं, यातलं काहीही कुणाला दिसत नाही. दिसतं ते एवढंच की शेजारच्या इमारतीत जो दर चालू आहे, त्याच्या कितीतरी खाली हा माणूस राहायला आला.

सरकारी भाषेत आम्ही 'अल्प उत्पन्न गट'. म्हणजे नवरा-बायकोचं मिळून वर्षाला सहा ते नऊ लाख. हा आकडा मी गावी सांगत नाही. तिथे तो अजिबात अल्प वाटत नाही.

आमचं घर म्हाडाने बांधलेलंही नाही. २०१३ पासून असा नियम आहे की दहा लाखांवर वस्तीच्या महापालिकांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर बिल्डरने स्कीम टाकली, तर त्यातला २० टक्के हिस्सा अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी ठेवायचा. सोडत म्हाडाने काढायची. किंमत बाजारभावाने नाही, रेडी रेकनरमधल्या, म्हणजे सरकारी दरपत्रकातल्या, बांधकाम खर्चावरून ठरायची. बिल्डरला त्यासाठी जादा एफएसआय, म्हणजे जास्तीच्या बांधकामाची परवानगी, मिळतो. तेव्हा बिल्डरने आमच्यावर उपकार केले, असं निदान बिल्डर तरी म्हणत नाही. ते ए आणि बी विंगचे लोक म्हणतात.

बिल्डर मुळात आमच्याबद्दल काही बोलतच नव्हता. किल्ली मिळायच्या आधी मी सहज त्यांच्या सेल्स ऑफिसात डोकावलो होतो. काचेच्या पेटीत अख्ख्या स्कीमचं मॉडेल. ए विंग, बी विंग, क्लब हाऊस, निळाशार तलाव, तलावाकाठी छत्र्या, सगळं जागच्या जागी. सी विंग होती तिथे मात्र स्पंजचं एक मोठं हिरवं झाड लावलेलं. झाडाखाली बोटभर उंचीची एक प्लास्टिकची बाई कुत्रं फिरवत होती. मी नकाशाशी ताडून पाहिलं. हिशेबाने ती आमच्या स्वयंपाकघरात उभी होती.

सी विंग स्कीमच्या मागच्या अंगाला आहे. एका बाजूला जनरेटर, दुसऱ्या बाजूला ओला-सुका कचरा. आमचं गेटही तिकडेच. पुढचं मोठं गेट, कारंज्याचं, ए आणि बी विंगचं. कारंजं बंद असतं, पण असतं. आता गूगल मॅपला ही वर्णव्यवस्था ठाऊक नाही. तो आमच्या प्रत्येक पाहुण्याला बिनदिक्कत कारंज्यापाशी आणून सोडतो. तिथे सिक्युरिटीवाला विचारतो, "कुठं जायचंय?" पाहुण्याने फ्लॅट नंबर सांगितला की त्याचा आवाज पट्टीभर खाली येतो आणि हात आपोआप उजवीकडे वळतो, "सी विंग का? मागनं."

हे 'मागनं' म्हणजे अख्ख्या कंपाउंडला वळसा. गेल्या मे महिन्यात माझे मामा कोकणातून आंब्याची पेटी घेऊन आले. रिक्षा सोडून दिलेली, ऊन मी म्हणतंय, पेटी खांद्यावर. मामा पोचले तेव्हा त्यांनी पेटी खाली ठेवली, टोपी काढली आणि एवढंच म्हणाले, "घर झकास आहे हो. पण येताना देवाला उलटी प्रदक्षिणा घातल्यासारखं वाटलं."

गरिबांना घरं मिळालीच पाहिजेत, याबद्दल आमच्या सोसायटीत कुणाचंही दुमत नाही. मतभेद आहे तो फक्त पत्त्याबद्दल. ए-११०२ चे काका (आमच्याकडे माणसं फ्लॅटच्या नंबरानेच ओळखतात, आडनावं पार्सलवर) हे निवृत्त बँक अधिकारी. ते मला सकाळच्या फेरीत नेहमी सांगतात, "गैरसमज करून घेऊ नका, योजना उत्तमच आहे. पण वेगळी कॉलनी करायची ना छान! शाळा, दवाखाना, सगळं." कुठे करायची, असं विचारलं की काका हात लांब करतात. तो हात मुळशीच्या दिशेने जातो आणि खाली यायचं नाव घेत नाही.

बी-७०४ च्या वहिनींचं दुखणं वेगळं. "रीसेलला प्रॉब्लेम येतो हो," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. विकायचाय का फ्लॅट? नाही. पण विकायचा झाला तर? त्यांनी मोजले ऐंशीच्या पुढे, आम्ही मोजले त्याच्या निम्म्याहून कमी. हवा तीच, टँकरचं पाणी तेच, रात्री भुंकणारी कुत्रीही तीच. त्यांचं दुःख मला मनापासून समजतं. शेजारच्याला तीच साडी सेलमध्ये मिळाली की आपली साडी नेसवत नाही. त्याच गप्पांत पुढे वहिनींनी विचारलं, "तुमच्या विंगमधलं कुणी आहे का हो धुण्याभांड्याला?" माझी बायको स्टाफ नर्स आहे. नाइट करून आली होती. म्हणाली, "मीही शोधतेय. मिळाली तर आधी मला सांगा."

आमच्या विंगमध्ये पुण्याच्या पीएमपी बसचे ड्रायव्हर आहेत, हवालदार आहेत, खासगी शाळेतले मास्तर आहेत, आयटीत नुकती चिकटलेली पोरं आहेत. बी विंगमध्येही आयटीतलीच पोरं आहेत, फक्त पाच वर्षं आधी चिकटलेली. पण 'म्हाडावाले' म्हटलं की काहींच्या डोळ्यांसमोर काय येतं कुणास ठाऊक. पहिल्या गणपतीला ए विंगच्या एका छोट्या मुलीने माझ्या मुलाला विचारलं होतं, "तुमच्याकडे लिफ्ट आहे?" मुलगा म्हणाला, "आहे. आणि ती चालते." ए विंगची त्या आठवड्यात बंद होती.

मुंबईचा मावसभाऊ या सगळ्याला हसतो. "तुमचं काहीच नाही रे. आमच्याकडे ये बघायला!" तिथे १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसनाचा, म्हणजे एसआरएचा, कारभार आहे. बिल्डरने झोपडीवाल्यांना फुकट घरं बांधून द्यायची आणि उरलेल्या जागेत विक्रीची इमारत उभी करून पैसे काढायचे. ताडदेवचे इम्पिरियलचे ते साठ मजली जुळे मनोरे असेच, झोपडपट्टीच्या जागेवर उभे राहिलेले. एका बाजूला झोपडीवाल्यांची रिहॅब, दुसऱ्या बाजूला विक्रीची सेल, मध्ये भिंत. मावसभावाच्या मते भिंतीचा फायदा असा की कोण कुठला हे विचारावं लागत नाही, उंचीवरून कळतं.

हे ऐकून आमच्या विंगमधले मास्तर घाईघाईने म्हणाले, "पण आपण एसआरए नाही हां. आपण म्हाडा." किती अभिमान होता त्या वाक्यात! त्यांच्याच मजल्यावर एकाने फ्लॅट भाड्याने दिला, चार पोरं राहायला आली, तेव्हा पहिला अर्ज मास्तरांचाच, 'भाडेकरूंमुळे विंगचे वातावरण बिघडत आहे.' आणि पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याच्या खोल्या उठल्या, तेव्हा सी विंगची तातडीची बैठक झाली. विषय एकच, आपल्या फ्लॅटच्या किमतीवर परिणाम होईल का? पाच वर्षं आम्हाला तो विकताही येत नाही.

क्लब हाऊसच्या दारावर पाटी आहे, 'तरणतलाव फक्त ए व बी विंगच्या सदस्यांसाठी.' तलावात गेल्या उन्हाळ्यापासून पाणी नाही, पाटी मात्र दर दिवाळीला रंगवतात. मला पोहता येत नाही. तरी ती पाटी वाचली की पोहावंसं वाटतं.

खरी रंगत आली ती वार्षिक सभेत. बिल्डरने तिन्ही विंगची मिळून सोसायटी एकच नोंदवलेली आहे, का ते त्यालाच माहीत. विषय होता मेंटेनन्सचा. आमच्या विंगमधल्या हवालदारसाहेबांनी उठून सरळ मुद्दा मांडला. तलाव आमचा नाही, क्लब हाऊस आमचं नाही, पार्किंग आम्हाला नाही, घर तुमच्या निम्म्याहून लहान. मग मेंटेनन्स क्षेत्रफळाप्रमाणे घ्या.

ए-११०२ काका जागचे उठले. हातात सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटीच्या नियमांचं पुस्तक, पानापानाला पिवळे कागद चिकटवलेले. "असं करता येत नाही," ते म्हणाले. "सेवा शुल्क सर्व सदनिकांना समान! क्षेत्रफळ कितीही असो. कायदाच आहे तसा." मग त्यांचा गळा दाटून आला. "आपण सगळे एका सोसायटीचे सभासद आहोत. लहान घर, मोठं घर असा भेद आपण करणार आहोत का?" ए आणि बी विंगने टाळ्या वाजवल्या. तीन वर्षांत समतेचा एवढा जोरदार पुरस्कार त्या मंडपात मी ऐकला नव्हता.

आणि काकांचं बरोबर होतं! सोसायटीत सेवा शुल्क प्रत्येक फ्लॅटला सारखंच असतं. हवालदारसाहेब खाली बसले. पण माझ्या शेजारी आमचे ड्रायव्हरकाका बसले होते. आयुष्यभर डेपोत रजेचे नियम वाचून पिकलेला माणूस. त्यांनी काकांचंच पुस्तक मागून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, पान उलटलं आणि शांतपणे विचारलं, "पाण्याचं काय?"

पाण्याचं शुल्क, त्याच उपविधीप्रमाणे, प्रत्येक घरातल्या नळांची संख्या आणि आकार पाहून वाटायचं असतं. आमच्या भागात उन्हाळ्यात सोसायटीच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा टँकरचा. सी विंगच्या घरात नळ किती? स्वयंपाकघरात एक, बेसिनला एक, न्हाणीघरात आणि संडासात मिळून दोन-तीन. ए विंगमध्ये? सभेत एकदम शांतता पसरली. माणसं मनातल्या मनात आपापल्या बाथरूममधून फिरून येत होती.

"जेट स्प्रे हा नळ नाही," बी विंगमधून आवाज आला.

"शॉवर धरायचा का? दोन आहेत, पण एकच वापरतो."

"बाथटबचं दोन वर्षं बंद आहे. त्यात आम्ही गाद्या ठेवतो."

"वॉशिंग मशीनचा नळ आणि मशीन हे एकच धरा."

"मग फ्लशच्या टाकीचं कनेक्शन?" ड्रायव्हरकाका म्हणाले. "आमचं धरा आणि तुमचंही धरा. भेद नको."

नळ म्हणजे काय, यावर चर्चा सुरू झाली ती जेवणाची भांडी थंड होईपर्यंत चालली. एका आर्किटेक्टबाईंनी फलकावर आकृती काढली. शेवटी ठराव झाला की एक नळ-पाहणी समिती नेमावी आणि तिने घरोघर जाऊन नोंद करावी. ए आणि बी विंगने सुचवलं, समितीवर कुणीतरी त्रयस्थ हवा. त्रयस्थ म्हणून मला नेमलं, कारण मी कॉलेजात क्लार्क आहे आणि रकाने आखता येतात.

अशा रीतीने मी वही-पेन घेऊन ए विंगमध्ये पहिल्यांदा पुढच्या दाराने शिरलो. लॉबीत संगमरवर, भिंतीवर घोड्यांचं चित्र. सिक्युरिटीवाल्याने रजिस्टर पुढे केलं. 'येण्याचे कारण' या रकान्यात मी 'नळ' असं लिहिलं. तो म्हणाला, "प्लंबरनी मागनं जायचं." समितीचं पत्र दाखवल्यावर सोडलं.

ए-११०२ काकांनी दार उघडलं, पाणी दिलं, बेसनाचा लाडू दिला. मग मी मोजायला लागलो. कॉमन बाथरूम, मास्टर बाथरूम, मुलीच्या जुन्या खोलीला जोडलेलं तिसरं, आता त्यात सुटकेसा. काका मागून येत होते आणि प्रत्येक नळापाशी त्याची सफाई देत होते. "हा नावाला आहे. हा गळतो म्हणून बंद केलाय. हा हिने लावून घेतला, मी नको म्हणत होतो." मी लिहीत गेलो. स्वयंपाकघरात आलो तेव्हा काकांनी मागचं दार हळूच ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"एक विचारायचं होतं. जावई पुनावळेला बघतोय. त्या वीस टक्क्यांतच. फॉर्म कसा भरायचा ते तुम्हाला माहीत असेल. वशिला लागतो का?"

"नाही काका, ऑनलाइन असतं सगळं. दोघांच्या उत्पन्नाचे पुरावे तयार ठेवायला सांगा. अधिवासाचा दाखला आधी काढून ठेवा, ऐनवेळी धावपळ होते."

काकांनी फ्रिजवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात ते टिपून घेतलं. मग पेन हातातच धरून थोडा वेळ घुटमळले.

"पण तिथले लोक कसे असतील हो? म्हणजे मेन बिल्डिंगमधले. मुलीला त्रास नको."

"ते सगळं सविस्तर सांगतो काका," मी म्हटलं, "आधी तो वॉशिंग मशीनमागचा नळ दाखवा."