खुलासा: मोलेचे प्रकल्प, मी आणि तो फॉरवर्ड

गोव्यात आमच्या धारबांदोडा तालुक्याच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘हिने मोलेचे तिन्ही प्रकल्प कोर्टातून बंद पाडले. परदेशात शिकली आणि हवामानाचं खूळ घेऊन आली.’ ही म्हणजे मी.

मोले म्हणजे इथलं अभयारण्य. त्यातून जाणारे प्रकल्प तीन: रेल्वे दुपदरीकरण, महामार्ग आणि वीजवाहिनी. कोर्टात अडले ते तिन्ही नव्हेत. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे रेल्वे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. महामार्ग आणि वीजवाहिनी हे विषय वेगळे. शिवाय याचिका माझी नव्हती. नोव्हेंबर २०२० मध्ये दुपदरीकरणाच्या विरोधात चांदर गावात रात्री रुळांवर उतरलेल्या गर्दीत मी होते, एवढंच.

परदेशाचं म्हणाल तर माझा पासपोर्टही नाही. खूळ घरचंच. बाबांचा खनिजाचा ट्रक होता. पावसात खाणीचा लाल गाळ शेतात उतरायचा, आई तो घमेल्याने उपसायची; आणि ट्रकाचा हप्ता त्याच खाणीवर फिटायचा. २०१२ साली खाणी थांबल्या. ट्रक फणसाखाली उभा राहिला, टायरांत तेरें (रानअळू) उगवलं, हप्ते मात्र चालूच. खाणमालकांना कुणी हप्ता मागितला असेल का? तिथून माझं हे काम सुरू झालं.

मेसेजातला फोटो माझाच, पण मोलेचा नव्हे. तो आमच्या ग्रामसभेतला आहे. विषय होता आटलेल्या विहिरी.